तीन बोटांचं तोंड

कुहीच्या स्टेशनात छोट्या लाईनची गाडी लागली होती आणि बाबांनी मला भर फलाटावर तोंड उघडायला लावलं.

"आ कर."

"बाबा, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. आ कर म्हटलं ना गा!"

मी आ केला. त्यांनी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं, खालच्या दाढा पाहिल्या, वरच्या पाहिल्या. "आता बोटं घाल." मी उजव्या हाताची मधली तीन बोटं उभी करून दातांच्या मधे घातली. सहज बसली. "सहा महिन्यांनी येशीन तवा पुन्हा पाहीन. असंच पायजे," एवढं बोलून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाभळीच्या दातणांची जुडी माझ्या पिशवीत कोंबली. मी आत जाऊन बसलो, माय बाहेरून खिडकीच्या गजाला धरून उभी होती. ती रडली नाही. तिनं एकच बजावलं, "तोंड धुतल्याबिगर चहा नको घेजो." गाडी हलली. दादा गाडीबरोबर थोडा चालला आणि मला हसवायला त्यानंही आपल्या तोंडात तीन बोटं घालून दाखवली.

दादा, वहिनी, तुमच्यासाठी हे लिहितो आहे. आणि माझ्या मागून कुही सोडून नागपुरात इतवारीच्या बाजारात, हिंगण्याच्या कारखान्यांत पोटापाण्याला लागलेल्या पोरांसाठीही. तोंडानं सांगितलं असतं, पण माझं तोंड आता पहिल्यासारखं चालत नाही. रोज सकाळी जाग आल्यावर डोळे उघडायच्या आधी मी बोटं तोंडात घालून पाहतो. दोन बसतात. दोन बसली की उठतो. एखाद्या दिवशी दुसरं बोट अडलं तर काय करायचं, हे मला माहीत नाही. त्या भीतीनं सकाळी पहिला घाम येतो, मग उजाडतं.

आमच्याकडची सकाळ आठवते? विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाच्या काठावर, बाबा बसत. दातणाचं टोक दाढेखाली चावून त्याचा कुंचा करत आणि एकेक दात घासत. घाई नाही. मधेच बैलाशी बोलत, मधेच शेजाऱ्याला धानाचं विचारत, दातण तोंडात तसंच. मग तेच दातण मधे चिरून त्याच्या फाकेनं जीभ खरवडत. आपण दोघं भाऊ त्यांच्या बाजूला. चूळ भरून झाली की आपला खेळ, कोणाच्या तोंडात किती बोटं. तू चार घालायला जायचास आणि तुला उलटी यायची. खेळ आपला होता, पण बाबांनी त्याचीच पुढे तोंडाची तपासणी बनवली. शेतीबरोबर ते बैलांच्या सौद्यात मध्यस्थी करत, त्यामुळे तोंड पाहिल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वासच बसत नसे. बैलबाजारात समोरचा बैलाची कितीही तारीफ करो, बाबा आधी त्याचा जबडा उघडत. दोनदाती आहे की चारदाती, दात झिजले का, हिरड्या कशा आहेत, हे पाहून मगच खांद्यावरचं उपरणं पसरत आणि त्याच्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरून बोटांनी भाव सांगत. चारचौघांत भाव तोंडानं बोलायचा नाही, ही बाजाराची रीत. मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून त्या उपरण्याखालच्या बोटांची भाषा मला येत होती. तुला कधी जमली नाही. म्हणून जमीन तू पाहायची आणि मी नागपूर पाहायचं, असं ठरलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार दुसऱ्याबद्दल आहे. ती मी मरेपर्यंत सोडणार नाही.

इतवारीत धान्याच्या ओळीत एका सेठकडे मी लागलो. त्याचं नाव लिहीत नाही, आम्ही सगळे त्याला सेठच म्हणत असू. राहायला मागच्या गल्लीत एक खोली मिळाली होती, तीन जणांत एक. अंगणात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक नळ. त्या नळाला पाणी आणि बाजारात मालाचे गाडे एकाच वेळी यायचे. नळाच्या रांगेत उभं राहिलं तर चांगला माल दुसरा घेऊन जायचा. बाजारात आधी पोचलं तर दिवसभर तोंड तसंच. मी पोरगा होतो, नवा होतो, मला पोचायचं होतं. बाबांनी दिलेली दातणं पिशवीत वाळून काडीसारखी झाली. ती चावत नव्हती. इतवारीत बाभूळ कुठे होती? एका बाईजवळ जुड्या विकायला असत, पण ती ऊन वर आल्यावर येई. तोवर मी पोत्यांच्या थप्पीवर बसून नमुने पाहत असे.

आणि चहा? मायचं ऐकलं मी. तोंड धुतलं नाही म्हणून चहा घेतला नाही. हसू नका. पहिले काही दिवस मी खरंच तसा वागलो. भूक लागायची, डोकं दुखायचं. तेव्हा मी सेठशी पहिला सौदा केला. त्याला म्हटलं, पगार वाढवू नका, पण खर्रा दुकानाकडून द्या. सगळे हमाल, सगळे दलाल कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरून सुपारी, तंबाखू, चुना घोटून आणत आणि गालात धरत. खर्रा गालात असला की भूक लागत नाही, तोंडाला आपोआप चव येते, तोंड धुतल्यासारखं वाटतं. आणि तो चघळायला काम सोडून उठावं लागत नाही. सेठ हसला. "चल, दिला. दोन टाईम." मी खोलीवर येऊन दोघांना सांगितलं की आल्या आल्या सेठकडून वरची सोय काढून घेतली. त्या दिवशी मला वाटलं, बाबांनी पाहायला पाहिजे होतं.

खर्ऱ्यानं मला आणखी एक गोष्ट दिली, आणि ती मी खोटी म्हणणार नाही. गालात रस धरलेला माणूस बोलू शकत नाही. बोलायचं तर थुंकायला उठावं लागतं. मी उठत नसे. शेतकरी असो की दुसरा दलाल, समोरचा बोलत राही, मी नुसता हं करी, आणि गप्प माणसासमोर बोलणारा माणूस भावात आपोआप खाली येतो. मग मी रुमाल पसरून त्याचा हात धरी. बाजारात मला मुका म्हणू लागले. "मुक्याजवळ जाऊ नको बे, कापून टाकीन तो," असं म्हणत आणि तरी माझ्याकडेच येत. काही वर्षांत मी सेठची नोकरी सोडली, स्वतःची दलाली सुरू केली, लग्न केलं, इतवारीतच दोन खोल्या घेतल्या. जे काही उभं केलं ते बंद तोंडानं.

पहिल्या सहा महिन्यांनी घरी आलो होतो ते तुला आठवत असेल. बाबा विहिरीवरच होते. "आ कर." मी केला. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "दात लाल काहून झाले गा?" विहिरीपाशी गावचे दोघे-तिघे उभे होते. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "मी काय बैल हाय का बाबा, जबडा पाहून राहिले ते?" त्यांनी हात काढून घेतला. पुन्हा त्यांनी कधी आ करायला सांगितलं नाही, आणि मीही कधी आपण होऊन तोंड दाखवलं नाही. ते गेले त्या वर्षी माझा धंदा सगळ्यात जोरात होता.

मग तिखट लागायला लागलं. आधी ठेचा, मग साधं वरण. मला वाटलं पोटाची गरमी. बायकोनं फोडणीत मिरची कमी केली, मी तिच्यावरच ओरडलो की जेवणाला चव राहिली नाही. नंतर भाकरीचा घास लहान होत गेला. कोणालाही कळत नव्हतं, मलाही नाही. माणूस आपलं तोंड किती उघडतं हे रोज मोजत नाही. एका दिवाळीत तिनं सांबारवडी केली होती, कोथिंबिरीचं सारण भरलेली, चांगली जाड. मी उचलली आणि तोंडाला लावली. वडी ओठांवर घासली आणि आत गेली नाही. मी फिरवून पाहिली. आडवी केली. मग मोडून खाल्ली. ती समोरच बसली होती.

"आ करा जी."

"जेवू दे."

"आ करा म्हणून राहिली मी."

ती कधी असं बोलत नाही. मी आ केला. तिनं आत पाहिलं नाही, ती माझ्या ओठांकडेच पाहत राहिली. "बस? एवढंच?" मी हात पुसून बोटं घातली. तीन जाईनात. मी जोर केला. कानाखाली कळ आली आणि गालाच्या आत काहीतरी ताणल्यासारखं झालं, जुन्या दोरासारखं कडक. दोन बसली. "तुमच्या बाबानं पाह्यलं असतं तं..." ती म्हणाली आणि तिथंच थांबली. मला तेव्हा जी भीती वाटली तशी कधी वाटली नव्हती. बाजारात माझ्या अंगावर पोत्यांची थप्पी कोसळली होती, तेव्हाही नाही.

दातांच्या सरकारी दवाखान्यात बाकावर आम्ही ओळीनं बसलो होतो. माझ्यासारखे बाजारातले होते, हिंगण्याच्या कारखान्यातले होते, अंगावर कंपनीचा खाकी शर्ट तसाच. पाळी संपवून बसमधून थेट आलेले. शेजारचा एक पोरगा, त्याला मिसरूड नीट नव्हती, तो मला सांगत होता की रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून सुरू केलं, आणि घरी आल्यावर चूळ भरायचीही ताकद नसते, तसाच झोपतो. त्याच्या पलीकडे एक माणूस गालाला पट्टी बांधून बसला होता. एका बाजूचा जबडा नव्हता. त्याची बायको त्याला फडक्यानं लाळ पुसत होती. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलो, आणि भिंतीवरही मला तोच दिसत होता.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, अगदी तशीच. गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्यावर बोट फिरवलं. म्हणाली, चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवते, आठवड्यानं या. मी विचारलं की तोंड पुन्हा उघडेल का. ती म्हणाली, गेलं ते येणार नाही, खर्रा आजपासून बंद केला तर आणखी जाणार नाही. मी तिच्याशी भाव करायला लागलो. सवयच ती. "तीन नाही तं नाही, अडीच तरी करून द्या बाई." ती हसली नाही. "जेवढं आहे तेवढं राखा, काका," म्हणाली. गालाला टाके घालून तिनं मला घरी पाठवलं.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येत नाही. खर्रा बंद होता, प्रत्येक माणसाच्या गालाकडे नजर जात होती. आणि रागाला जागा पाहिजे होती. एका सकाळी मी उठून सेठच्या दुकानात गेलो.

आता तुम्हाला माझी तक्रार काय ते सांगतो. जितकी वर्षं मी त्या दुकानात होतो, सेठच्या तोंडात मी सुपारीचा तुकडाही पाहिला नाही. आम्हाला दोन टाईम खर्रा मिळे. तो स्वतः सकाळी मीठ आणि तेल हिरड्यांना चोळून, पितळेच्या तांब्यातून चुळा भरून मगच गादीवर बसे. जेवल्यावर पुन्हा चुळा. त्याला माहीत होतं. मला आजही वाटतं की त्याला माहीत होतं. चहाला उठलेला माणूस काम सोडतो, जेवायला गेलेला माणूस वेळ घेतो, खर्रा खाणारा माणूस जागचा हलत नाही. ते त्यानं आमच्या तोंडाच्या बदल्यात घेतलं.

हे सगळं त्याला सांगायचं होतं. मी दुकानात चढलो आणि ओरडलो. पण गालात टाके, जबडा बंद, शब्द एकमेकांत अडकलेले. मला ऐकू आलं ते माझंच घुंघूं. गादीवरच्या नव्या मुनीमानं वर न बघता हात हलवला, "पह्यले थुकून ये गा. मंग बोल." बाकीचे हसले. माझ्या तोंडात काही नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या गादीसमोर रिकाम्या तोंडानं उभा होतो.

सेठ म्हातारा झाला होता. त्यानं मला ओळखलं, जवळ बसवलं. मी हळूहळू, एकेक शब्द काढून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अरे मुका, खर्रा तू मागितला होता. मी तो दिला. सौदा तर तुझाच होता ना?"

त्याचे सगळे दात जागेवर होते.

मी उठून दुकानाच्या पायऱ्या उतरलो. बाजारात एवढी वर्षं मी गप्प राहून माणसं खाली आणली, आणि त्या दिवशी गप्प राहिलो तो हरून. पण दादा, तू ऐकून ठेव, मी त्याचं म्हणणं मान्य केलेलं नाही. अठरा वर्षांच्या पोरानं काय मागितलं, आणि गादीवर बसलेल्या माणसानं काय दिलं, यात फरक आहे. बैल विकायला आलेला माणूस भोळा असला तरी बाबा त्याला बैलाची खोड सांगत. मी स्वतः ऐकलं आहे.

आठवड्यानं डॉक्टरीणबाईनं कागद वाचला आणि म्हणाली, आज यात कर्करोग नाही. बायको रडायला लागली. मी विचारलं, "आज म्हणजे?" ती म्हणाली, "दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. चट्टा आहे तोवर मी याहून जास्त काही बोलू शकत नाही." तिच्या त्या 'आज'वर मी जगतो आहे. तीन महिने सरत आले की झोप जाते, जेवण जात नाही, आणि तो पट्टीवाला माणूस मला इतवारीच्या गर्दीतही दिसतो.

हिंगण्याच्या पोरांनो, कंपनीची बस पहाटे येते, मला माहीत आहे. नळ आणि बस एकाच वेळी येतात. कंपनीत ब्रश घेऊन जा. लोक हसतील, हसू द्या. पाळी संपल्यावर चूळ भरल्याशिवाय झोपू नका. तुमच्या घरातल्या बाया तंबाखूचा काळा गुडाखू हिरड्यांना लावून त्याला दात घासणं म्हणतात, त्यांच्या हातातून ती डबी काढून घ्या. आणि सकाळी बोटं घालून पाहा. मला कोणी पाहायला सांगत होतं तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो.

दादा, आता मी दर तपासणीनंतर कुहीला येतो, ते तुला आवडतं की नाही हे तू कधी बोलला नाहीस. पहिल्यांदा आलो तेव्हा तू न विचारता बांधावरच्या बाभळीचं दातण तोडून आणलंस. मी ते दाढेपर्यंत नेऊ शकलो नाही. पुढचे दात घासले, आणि जीभ खरवडायला दातण चिरलं तेव्हा ती फाकही आत जाईना. मला रडू आलं, तर तू बैलाकडे तोंड करून उभा राहिलास. पुढच्या खेपेला तू दातण पातळ तासून आणलंस, बोरूसारखं. ते थोडं आत गेलं.

नागपुरात माझं घर आहे, त्याचा कर मी भरतो, माझी माणसं तिथं आहेत. पण तिथं कोणी माझ्या तोंडाकडे पाहिलं की मला वाटतं हा आता माझा भाव ठरवतो आहे, किती दिवस उरले ते मोजतो आहे. मी स्वतःही सकाळी तेच करतो. तुमच्या विहिरीच्या थारोळ्यावर बसलं की तेवढ्यापुरतं ते थांबतं. माझ्यासाठी आता घर म्हणजे ती जागा, जिथं माझा जबडा पाहणाऱ्याला मला विकायचं नाही आणि विकतही घ्यायचं नाही.

परवा मी चूळ भरून बसलो होतो. या वेळी तपासणीत काय निघालं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तूही विचारलं नाहीस. तू बादली खाली ठेवलीस आणि माझ्यासमोर उकिडवा बसलास.

"आ कर."

मी केला.

"बोटं घाल गा."

मी घातली. तू वाकून पाहिलंस, बाबांसारखं एक डोळा बारीक करून, बराच वेळ.

"दोन," तू म्हणालास. "मांगच्या खेपेलेही दोनच होते."

आतून वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, तोंड धुतलं का? नाही तं चहा भेटनार नाही बरं!"

"धुतलं जी वहिनी," मी म्हणालो. शब्द पुरता निघाला नाही, पण तिला कळला. कपबशी वाजली.